अर्धे सर

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. घरातलं वायफाय चालू ठेवून झोपलं तर झोपेत रक्त घट्ट होतं म्हणे. त्याखाली अंगठे, जोडलेले हात, 'महत्त्वाची माहिती, धन्यवाद'. मी चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते आणि रोजच्यासारखी दिवसाच्या कामांची यादी करत होते. तरी तीनदा फोन उघडून ग्रुप पाहिला. तिसऱ्यांदा कळलं की मी कशाची तरी वाट पाहतेय. एक शब्द यायचा राहिला होता. 'अर्धं.'

बिरादार सर असते तर तो आला असता. त्यानंतर सावकाश, एका बोटाने टाइप केलेली दोन वाक्यं आली असती. वायफायने रक्त घट्ट होत नाही. पण फोन उशाशी घेऊन लोळलं की झोप जाते, तेवढं खरं आहे. मग फॉरवर्ड टाकणाऱ्याला नमस्कार.

सर उदगीरकडचे. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुलाने मोशीत फ्लॅट घेतला म्हणून नवराबायको इकडे आले. मग मुलालाच कंपनीने चेन्नईला पाठवलं आणि हे दोघं इथे राहिले. नंतर बाई वारल्या आणि सर एकटे राहिले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावर बटण लावलेलं, पायात चपला. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. त्यामुळे कुणाशी बोलताना ते मान जराशी वळवून उजवा डोळा समोर आणत, आणि समोरच्याला वाटे, हा माणूस आपलं फारच लक्ष देऊन ऐकतोय. ते खरंच ऐकत असत.

'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. कुणी काहीही सांगो, सर आधी म्हणणार, "अर्धं बरोबर." म्हणून सगळे त्यांना अर्धे सर म्हणत. गेटसमोरच्या किराणा दुकानाचे आप्पा तर तोंडावर म्हणत. आप्पा मूळचे मोशीचे. आमची सोसायटी उभी आहे तिथे त्यांचा कांदा व्हायचा. सर रोज सकाळी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर चहा घेत, तोही अर्धा कप.

"च्या तरी पुरा घ्या की, मास्तर," आप्पा म्हणत.

"उरलेला अर्धा तुमचा."

"माज्याच दुकानात मलाच पाजतोय राव हा मानूस!"

मी एकदा विचारलं होतं, सरळ चूक म्हणून सांगत का नाही? मी कंपनीत प्लॅनिंगला आहे. आमच्याकडे माल बरोबर असतो किंवा परत जातो. सर म्हणाले, "ताई, चूक म्हटलं की माणूस दार लावून घेतो. अर्धं म्हटलं की उरलेलं अर्धं ऐकायला उंबऱ्यात तरी थांबतो. आणि दुसरं म्हणजे, ते अर्धं खरंच असतं. शोधावं लागतं फक्त."

हे मला पटलं ते एसटीपीच्या भांडणात. एसटीपी म्हणजे सांडपाणी साफ करायची आमची जमिनीखालची टाकी. ते पाणी संडासाच्या फ्लशला आणि बागेला वापरायचं, असा नियम आहे. मी सेक्रेटरी. सभेत माझ्यावर चौफेर आरडाओरडा चालू होता. गटाराचं पाणी घरात आणलं, पोरं आजारी पडतील, नियम करणारे स्वतः वापरतात का हे पाणी, वगैरे. मी कागद काढून नियम वाचायला लागले तेव्हा तर आवाज आणखी वाढला.

सर उठले. "अर्धं बरोबर."

एवढ्या गोंगाटातही लोक हसले.

"गटाराचंच पाणी आहे ते. पण टाकीतून नीट साफ होऊन आलं तर फ्लशला आणि झाडांना चालतं. प्यायचं नाही, त्याचा पाइपसुद्धा वेगळा आहे. आता प्रश्न एवढाच की नीट साफ होतंय का. ते कागदावर कळत नाही, नाकाला कळतं. चला."

आणि ही सगळी सभा, साड्या सावरत, मुलांना कडेवर घेत, सरांच्या मागे टाकीपाशी गेली. पाण्याला वास होता, चांगलाच. टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद होतं. वीजबिल कमी यावं म्हणून मॅनेजर दिवसभर ते बंद ठेवत होता आणि आम्ही कमिटीवाले कमी बिलाचं कौतुक करत होतो. यंत्र सुरू झालं, काही दिवसांत वास गेला, भांडण मिटलं. घाबरलेली माणसं अडाणी नव्हती. त्यांची भीती अर्धी बरोबर होती, आणि तेवढ्याच धाग्याने आम्हाला बिघाड सापडला.

'ओला-सुका वेगळा करून काय उपयोग, गाडीत एकच करतात' असं म्हणणाऱ्यांना घेऊन ते सकाळी कचऱ्याच्या गाडीमागे उभे राहिले. गाडीत दोन कप्पे होते. आमच्याच पिशव्यांत ओला-सुका एक होता. पावसात इलेक्ट्रिक स्कूटरचा शॉक बसतो म्हणून आप्पा पुतण्याला ती घेऊ देत नव्हते. सरांनी त्यांना स्कूटरकडून वळवून दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघायला लावलं. तिथून एक फाटकी वायर लोंबत खाली आली होती, तिच्या टोकाला एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर कुणाची तरी स्कूटर चार्जिंगला. "शॉकचं बरोबर आहे," सर म्हणाले, "पत्ता चुकलाय."

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती नदी.

आमच्या इमारतीच्या मागून उतारावर इंद्रायणी दिसते. हिवाळ्यात सकाळी तिच्यावर फेस येतो. पांढरा, दाट, मधूनच गुलाबी उन्हाचा. वरून पाहिलं की वाटतं नदीने रजई पांघरलीय आणि ती अजून उठलेली नाही. वाऱ्याने फेसाचा एखादा तुकडा सुटतो आणि कापसासारखा तरंगत रस्त्यावर येतो, दुचाक्यांच्या मधून जातो. लोक थांबून फोटो काढतात. मी रविवारी तिकडे चालायला जाई तेव्हा सर कठड्याशी असत.

"कंपन्यांचं केमिकल," एकदा आप्पा सोबत होते, ते म्हणाले. "आमी पोहलोय हितं. तळ दिसायचा."

"अर्धं बरोबर," सर म्हणाले. कंपन्या सुटत नाहीत, हे त्यांनी आधी मान्य केलं. मग खिशातून एक छोटी बाटली काढली. घरून मोरीतलं कपडे धुतलेलं पाणी भरून आणलं होतं. जोरात हलवली. बाटली पांढरीशुभ्र झाली. समोर नदी, हातात बाटली, दोन्हीकडे तेच.

"हे कोणत्या कंपनीचं?" आप्पांनी विचारलं.

"बिरादार आणि कंपनी."

आप्पांनी बाटलीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी म्हातारीच्या तोंडाला फेस आनलाय तो समद्यांनी मिळून." उन्हात तो फेस हळूहळू विरत होता, आणि विरतानाही इतका सुंदर दिसत होता की माझ्यासारख्या बाईलाही फोनमधली यादी बंद करून उभं राहावंसं वाटलं.

मग आप्पांच्या डोळ्यांचं आलं. ते गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी रवा द्यायला लागले होते. मोतीबिंदू. पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "अजून पिकला न्हाई. कच्चा काढत न्हाईत."

"अर्धं बरोबर, आप्पा," सर पायरीवर बसले. "पूर्वी खरंच थांबायचे. शस्त्रक्रियाच तशी होती, मोठी चीर देऊन करायची. डॉक्टरच सांगायचे, पिकू द्या. ती पद्धत गेली, शब्द मागे राहिला. आणि शब्द मोठा फसवा. पिकला म्हटलं की आपल्याला दिसतो आंबा. आंबा पिकला की मऊ होतो. हा पिकला की टणक होतो, काढायला अवघड. फार थांबलं तर डोळ्यात दाब वाढू शकतो, आणि दाबाने गेलेली नजर परत येत नाही."

"मंग पिकला कशाला म्हणत्यात? वाळला म्हणा की सरळ!"

आप्पांनी ऑपरेशन करून घेतलं. दुकानात परत बसल्या दिवशी मी दूध घ्यायला गेले तर म्हणाले, "म्याडम, नजर लई भारी झाली बगा. पर बायको म्हातारी झाली की हो माजी!" आतून आवाज आला, "आरशात बघा आधी, मग बोला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गोष्ट घडली. सी विंगमधले एक आजोबा वारले. त्यांच्या मुलाने सकाळी ग्रुपवर लिहिलं, 'आमचे बाबा आज पहाटे आपल्या सर्वांना सोडून गेले.' खाली श्रद्धांजलीची रांग लागली. आणि त्या रांगेच्या मधोमध, बिरादार सरांचं: 'अर्धं बरोबर.'

माझा फोन वाजायला लागला. मी तो मेसेज काढायला लावण्यासाठी सरांचं दार ठोठावलं आणि काय झालंय ते सांगितलं. ते फोन डोळ्याला जवळजवळ चिकटवून वाचू लागले. चेहरा उतरला. "मला वाटलं, नेहमीसारखा फॉरवर्ड आहे," ते म्हणाले. "आणि खाली हात जोडलेले."

चप्पल घालून तसेच खाली निघाले. मी मागोमाग. सी विंगच्या दारात माणसं जमली होती. तो मुलगा बाहेर आला, डोळे लाल. सरांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सर्वांसमोर म्हणाले, "बाळा, मी न वाचता बोललो. माझी पूर्ण चूक आहे." 'पूर्ण चूक' असा निवाडा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मुलगा रागात काही म्हणणार होता, म्हणाला नाही. त्यालाही दिसलं असावं की सर त्याच्याकडे पाहतायत ते जराशा चुकीच्या जागी, त्याच्या खांद्याच्या वर.

संध्याकाळी मी ऑफिसमधून येऊन सरांकडे गेले. दिवा लावलेला नव्हता. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंत?" मी विचारलं.

"दाखवलं. मोतीबिंदू आहे."

"मग?"

"अजून पिकायचा आहे."

मला वाटलं, मी चुकून भलत्याच घरात आलेय. आप्पांना आंब्याचा दाखला देणारा माणूस मला हे सांगत होता. आणि यांना तर एकच डोळा. तो गेला तर सगळंच गेलं. मी म्हटलं, "सर, डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांगा."

"म्हणाले, उशीर करू नका. दाब वाढायला लागलाय." मग शेजारची खुर्ची सरकवत, "बसा, ताई."

मी बसले. खाली रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले होते. ते दिवे आपल्याला कसे दिसतात, हे सर सांगू लागले. प्रत्येक दिव्याला पाकळ्या. हायवेवर शेवंतीची फुलं वाहत जाताना दिसतात. पलीकडे कंपन्यांच्या शेडवरचे दिवे चंद्रासारखे, प्रत्येकाभोवती खळं. सकाळी नदी दिसतच नाही. ढग खाली येऊन बसलेला दिसतो. "सगळ्याच्या कडा गेल्यात," ते म्हणाले. "कडा गेल्या की गोष्टी एकमेकींत मिसळतात. वाईट नाही ते."

मग त्यांनी समोर बोट दाखवलं. समोरच्या विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर एक गॅलरी. "तिथे काय दिसतं तुम्हाला?"

"कूलर," मी म्हटलं. थंडीचे दिवस म्हणून झाकून ठेवलेला. वरून चादर टाकलेली, मधे दोरी बांधलेली.

"हो. कूलरच आहे. मला माहीत आहे." ते हसले. "मला तिथे आमची मंडळी उभी दिसते. वांगी रंगाच्या लुगड्यात. कंबरेवर हात ठेवून खाली बघत. चहाला बोलवायची तेव्हा अशीच उभी राहायची, आणि मी आपला खाली कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत. मी म्हणायचो, येऊलालो, येऊलालो. आन् जायचो नाही."

हे उदगीरकडचं 'येऊलालो' त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याशी ते नेहमी पुस्तकातलं मराठी बोलत.

"ऑपरेशन झालं की तिथे कूलर दिसणार," ते म्हणाले. "जगातल्या सगळ्या गैरसमजांच्या मागे लागलो, ताई. हा एक राहू द्या म्हणतो."

तारीख घेणं, गाडी ठरवणं, थेंबांच्या वेळा लिहिणं मला जमतं. हे जमत नाही. तेवढ्यात दार ढकलून आप्पा आत आले. सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. हातात दुधाची पिशवी होती. लोटलेल्या दाराबाहेरून त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. दारातच उभे राहून ते गॅलरीतून पलीकडे बघत राहिले, आपल्या नव्या नजरेने.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "त्यो फ्लॅट भाड्यानं हाय."

"असेल."

"असंल न्हाई, हाय. पोरगं माज्याच दुकानातनं सामान नेतंय. अकरा महिन्याचं अॅग्रीमेंट. संपलं का बिऱ्हाड उचलणार, कूलर बी उचलणार." ते थांबले. बोलावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग बोलले. "वयनी अकरा महिन्याच्या भाड्यानं ऱ्हात्यात व्हय तितं? त्या गेल्या म्हंजी तुमी आंदळं बसायचं?"

मला वाटलं, आप्पांनी फार केलं. सरांनी मान वळवून उजवा डोळा आप्पांकडे आणला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत की रडतायत हे त्या उजेडात कळेना.

"अकरा महिन्यांच्या," ते म्हणाले. "आप्पा, तिने हे ऐकलं असतं तर तुमच्या दुकानातून मीठसुद्धा आणलं नसतं."

"आनलं असतं. उदारीवर."

"अर्धं बरोबर," सर म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला. "तारीख घ्या, ताई."

पुढचं काम माझं होतं आणि ते मी केलं. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर सांगता आलं नसतं. पट्टी निघाल्यावर सर पहिले काही दिवस निळ्या रंगाबद्दलच बोलत होते. कंपनीच्या बसचा निळा, पाण्याच्या टाक्यांवरच्या ताडपत्रीचा निळा, आप्पांच्या दुकानातल्या साबणाच्या वडीचा निळा. पिवळट काचेतून बघत होतो म्हणाले इतके दिवस, हा रंग जगातून गेलाय हे कळलंसुद्धा नाही.

एका सकाळी मला लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "ती चादर वांगी रंगाची नाही."

"निळी आहे," मी म्हटलं.

"निळी. आणि तिच्यावर मोर आहेत." लिफ्ट खाली आली, दार उघडलं, तरी ते बाहेर पडले नाहीत. "रंगही माझाच होता म्हणायचा."

आप्पांचं अॅग्रीमेंटबद्दलचं म्हणणं खरं निघालं. थंडी संपायच्या आत त्या मुलाने कुरुळीत, कंपनीजवळ खोली घेतली. सोसायटीतून सामान नेताना सेक्रेटरीची परवानगी लागते, म्हणून मी सकाळी गेटवर उभी होते. टेम्पो भरत होता. गादी, सिलिंडर, बादल्या. कूलर आला तेव्हा पाहते तर एका बाजूला सरांनी हात लावलेला. चार मजले ते सोबत उतरले होते.

"आडवा टाका ओ, दोरी मारू," टेम्पोवाला म्हणाला.

"आडवा नको," सर म्हणाले. "उभाच ठेवा, राव. मागे, फाळक्यापाशी. पडणार नाही, मी बांधतो."

आणि त्यांनी बांधला. चादर सरकली होती ती नीट केली, तिचं टोक आत खोचलं, दोरी मधे आवळली, एक गाठ मारली आणि ती ओढून पाहिली. तो मुलगा, कूलरचा मालक, संकोचून म्हणत होता, "राहू द्या काका, जुनाच आहे." सरांनी ऐकलं नाही.

टेम्पो निघाला. आमच्या गेटपासून रस्ता उताराने नदीकडे जातो. त्या दिवशी फेस होता, आणि फेसावर धुकं, त्यामुळे पूल कुठे सुरू होतो हे दिसत नव्हतं. टेम्पो हळूहळू त्या पांढऱ्यात शिरत होता. मागे, फाळक्यापाशी, आमच्याकडे तोंड करून ते निळं काहीतरी उभं होतं, गचक्यांबरोबर जरासं डुलत. सरांनी काळा चष्मा काढला आणि हात वर केला.

नंतर काही महिन्यांनी सर मुलीकडे लातूरला गेले. तेव्हाही मी त्यांना निरोप दिला, सामानाच्या परवानगीवर सही केली. पण ते मला तितकं आठवत नाही. मला आठवतो तो त्यांचा वर केलेला हात. माझे डोळे धडधाकट आहेत, दरवर्षी कंपनीत तपासतात. तरी त्या उतारावर, कडा पुसत गेल्या तसतसं, कंबरेवर हात ठेवून कुणीतरी आमच्याकडे बघत चाललंय असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

"सर," मी म्हटलं, "खरंच कुणी बाई उभी असल्यासारखं वाटतंय हो."

टेम्पो दिसेनासा झाला तरी त्यांनी हात खाली घेतला नव्हता.

"अर्धं बरोबर, ताई," ते म्हणाले.